उद्घाटनानंतरचे भाजणी यंत्र

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस कर्नाटकातील कोडगु जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीकडून मला बोलावणे आले. साठवणुकीतील किडी हा माझ्या संशोधनाचा विषय. कंपनीच्या गोदामातील कॉफीला भुंगे लागले होते. शिवाय पावसाळ्यापूर्वी भाजून पाठवलेल्या कॉफीला धुरकट वास येतो, अशी तक्रार करून दोन खरेदीदारांनी माल परत केला होता. भुंग्यांमुळेच कॉफी बिघडली, असा संचालकांचा ठाम समज झाला होता आणि धुरीकरणाविषयी त्यांना सल्ला हवा होता.

भुंगे होते, यात शंका नाही. कॉफीच्या साठवणुकीत नेहमी आढळणारा अॅराइसेरस फॅसिक्युलॅटस हा करड्या ठिपक्यांचा भुंगेरा पोत्यांच्या शिवणीवर फिरताना दिसत होता. पोती थेट जमिनीवर, भिंतीला टेकवून रचलेली होती. शेजारीच सुंठीचीही थप्पी होती. हा भुंगेरा सुंठ आणि हळकुंडेही खातो, त्यामुळे त्याला दोन्हीकडे आश्रय मिळाला होता. त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला ताडपत्रीखाली झाकलेले १५ किलो क्षमतेचे भाजणी यंत्र उभे होते. दोन वर्षांपूर्वी अनुदानातून घेतलेले, फीत कापून सुरू केलेले आणि जूनपासून बंद असलेले. व्यवस्थापकांनी विचारले, “मॅडम, पोती इथेच झाकून गोळ्या ठेवल्या तर चालेल ना?”

चालणार नव्हते. धुरीकरणाच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाला घातक असतोच, म्हणून ते काम अधिकृत आणि प्रशिक्षित व्यक्तींनीच करावयाचे असते. परंतु हा वायू तांबे आणि पितळ यांनाही खातो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. भाजणी यंत्राच्या नियंत्रण पेटीतील तारांची टोके, स्विचचे संपर्कबिंदू, इलेक्ट्रॉनिक पट्ट्या यांवर त्याचा परिणाम होतो आणि काही आठवड्यांनी यंत्र अकारण बंद पडू लागते. म्हणून पोती वेगळ्या खोलीत हलवण्यास सांगितले आणि सहज म्हणून यंत्र सुरू करून दाखवा, असे सुचवले.

यंत्र पेटेना. चालवणारा तरुण दहा मिनिटे खटपट करत होता. मी वाकून पाहिले, तेव्हा पायलट ज्योतीच्या हवेच्या नळीत वाळलेली माती दिसली. टोकदार काडीने ती फोडली, तर आत कोष्ठ आणि त्यात बधिर करून ठेवलेले बारीक कोळी. कुंभारीण माशीचे घरटे! चार महिने बंद असलेल्या यंत्राची नळी तिला आयती मिळाली होती. ज्या कीटकाची तपासणी करायला मी आले होते तो निराळा आणि ज्याने यंत्र बंद पाडले तो निराळा.

यंत्र पेटल्यावर थोडी कॉफी भाजून पाहिली, तेव्हा धुरकट वासाचे कारणही हाती लागले. भाजताना सुटणारा कोंडा धुराड्याकडे ओढला जात नव्हता. ड्रममध्येच जळत होता. जवळच्या भातगिरणीतील वायरमनला बोलावले. त्याने पंख्याकडे पाहताच सांगितले की, पंखा उलटा फिरतो आहे. मे महिन्यात गावचा ट्रान्सफॉर्मर बदलताना दोन फेजच्या तारांची अदलाबदल झाली होती. ड्रमची मोटर वेगनियंत्रकावर असल्याने तिची दिशा बदलली नाही. थेट थ्री-फेजवर चालणारा पंखा मात्र उलटला. अशा प्रकारचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त फार कमी. त्यामुळे हात लावून पाहणाऱ्याला हवा येते आहे असेच वाटते. दोन तारांची जागा बदलण्यास पाच मिनिटे लागली. त्या पाच मिनिटांच्या कामाअभावी दोन खरेदीदार गेले होते आणि दोष भुंग्यांच्या माथी मारला गेला होता.

या अनुभवानंतर एक विचार मनात घर करून राहिला आणि तोच येथे मांडावयाचा आहे. आपण शेतकऱ्याच्या दारी यंत्र पोहोचवण्याची व्यवस्था उभी केली, पण ते यंत्र चालते ठेवण्याची व्यवस्था उभी केली नाही. आपले विस्तारकार्य फीत कापण्यापाशी संपते. खरे तर ते तेथून सुरू व्हावयास हवे.

भाजणी गावात का आली

भारतात कॉफी मंडळाची वैधानिक चौकट १९४२ च्या कायद्याने आकारास आली. त्यानंतर अनेक दशके बागायतदाराने आपली कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करावयाची आणि विक्री मंडळाने करावयाची, अशी पद्धत होती. १९९० च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत सर्व उत्पादकांना आपला माल स्वतः विकण्याची मुभा मिळाली. म्हणजे स्वतःच्या बागेतील कॉफी स्वतः भाजून, स्वतःच्या नावाने विकणे ही लहान बागायतदाराच्या दृष्टीने एका पिढीपुरतीच जुनी गोष्ट आहे. २०१९ साली कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू येथील अरेबिका तसेच वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, वैयक्तिक उद्योगास कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवण्यात आले. या सर्वांच्या परिणामी कोडगु, वायनाड, अराकू या भागांत लहान भाजणी यंत्रे दिसू लागली. महाराष्ट्रात कॉफी म्हटली की मेळघाटातील चिखलदराच आठवतो. तेथील उत्पादकांनाही हा मार्ग मोकळा आहे.

ही घडामोड स्वागतार्ह आहे. कच्चा माल विकणाऱ्याच्या हाती बाजारभावाचा चढउतार येतो; भाजून विकणाऱ्याच्या हाती ग्राहक येतो. पण ग्राहक हाती राहावयाचा तर प्रत्येक खेपेची चव सारखी लागली पाहिजे आणि त्यासाठी यंत्र दर खेपेस सारखे चालले पाहिजे. चव बागेत जन्माला येते हे खरे. ती बिघडवण्याचे सामर्थ्य मात्र बारा मिनिटांच्या भाजणीत असते.

मोठे यंत्र, छोटा बाजार

पहिली चूक खरेदीतच होते. अनुदान खर्चाच्या प्रमाणात मिळत असल्याने शक्य तितके मोठे यंत्र घेण्याकडे कल असतो. वर उल्लेखिलेल्या कंपनीचे गणित मांडून पाहू. १५ किलोच्या यंत्रात एका वेळी १२ किलो कच्ची कॉफी घातली आणि तासाला तीन खेपा काढल्या, तर सहा तासांत सुमारे २१६ किलो कच्ची कॉफी भाजली जाते. भाजणीत वजन साधारण १५ ते १८ टक्के घटते, म्हणजे हाती सुमारे १८० किलो येते. कंपनीची भाजलेल्या कॉफीची महिन्याची विक्री होती २०० किलो. महिन्याभराचे काम एका दिवसात आटोपत होते आणि उरलेले दिवस यंत्र दमट हवेत थंड पडून राहत होते. याच कामाला ५ किलोच्या यंत्रावर महिन्याचे तीन-चार दिवस लागले असते. हात वळला असता, यंत्र उबदार राहिले असते आणि कर्जाचा हप्ताही हलका झाला असता.

मोठ्या यंत्रात कमी माल घालून भागत नाही का, असे विचारले जाते. फारसे भागत नाही. तापमान मोजणारी कांडी फिरत्या दाण्यांत बुडलेली असावी लागते. क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी माल घातला की ती उघडी पडते आणि दाण्यांऐवजी गरम हवेचे तापमान दाखवू लागते. चालवणारा आकड्याकडे पाहून निर्णय घेतो आणि आकडाच खोटा असतो.

उभारणी म्हणजे यंत्र ठेवणे नव्हे

पुरवठादाराचा माणूस येतो, यंत्र जोडतो, एक खेप भाजून दाखवतो, सही घेऊन परततो. या क्रियेला आपण उभारणी म्हणतो. वास्तविक उभारणीचे चार भाग आहेत आणि चारही भागांची तपासणी शेतकऱ्याच्या वतीने कोणीतरी करावयास हवी.

पहिला भाग जागेचा. यंत्राखालची जमीन सपाट आणि भक्कम हवी, अन्यथा ड्रमचे बेअरिंग एका बाजूने झिजते. यंत्राच्या मागे आणि बाजूंना माणूस वाकून काम करू शकेल एवढी मोकळी जागा हवी. भिंतीला चिकटवलेल्या यंत्राची साफसफाई होत नाही. कारण ती करताच येत नाही. कच्च्या कॉफीचे गोदाम आणि भाजणीची खोली यांत भिंत हवी. एकीकडची कीड आणि धुरीकरण दुसरीकडे जाऊ नये आणि दुसरीकडची ठिणगी पोत्यांपर्यंत येऊ नये, हे दोन्ही त्या एका भिंतीने साधते.

दुसरा भाग धुराड्याचा. धुराडे सरळ, कमीत कमी वळणांचे आणि छपराच्या वर पुरेसे उंच हवे. प्रत्येक वळणावर कोंडा आणि तेलकट काजळी साचते. ती पुढे डांबरासारखी घट्ट होते आणि कधीतरी पेट घेते. वरील कंपनीच्या धुराड्याला तीन काटकोनी वळणे होती; एक वळण उघडले तर आत बोटभर जाडीचा थर होता. तेथे आग लागली नव्हती ती केवळ यंत्र फारसे चालत नव्हते म्हणून. वळण अटळ असेल तर तेथे उघडता येणारे झाकण ठेवावे. वरच्या टोकाला पावसाची टोपी असावी. पण तिची जाळी कोंड्याने बुजणारी नसावी.

तिसरा भाग गॅसचा. आयात केलेल्या यंत्राचे बर्नर कधी नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा एलपीजी वापरला जातो. दोन्हींना वेगळ्या छिद्राचे नोझल लागतात. हा बदल झाला आहे की नाही, हे लेखी घ्यावे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. हवा खेळती राहण्यासाठी भिंतीत खालच्या बाजूलाही झरोके हवेत आणि गळतीची सूचना देणारे उपकरणही खालीच बसवावे. मला ते बहुतेक ठिकाणी छताजवळ बसवलेले दिसले आहे. आणखी एक बाब म्हणजे एका सिलिंडरमधून सतत मोठ्या प्रमाणात गॅस ओढला की सिलिंडर थंड पडतो. त्यावर दव जमते आणि दाब उतरतो. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी तिसऱ्या-चौथ्या खेपेला भाजणी रेंगाळू लागली की माणसे कॉफीला दोष देतात. दोष सिलिंडरचा असतो. दोन किंवा अधिक सिलिंडर एकत्र जोडून आणि बर्नरच्या आधी दाबमापक बसवून ही अडचण दूर होते.

चौथा भाग विजेचा. चांगली अर्थिंग, फेजचा क्रम बदलल्यास मोटर सुरूच होऊ न देणारा रिले आणि वीज गेल्यास ड्रम व पंखा फिरते ठेवणारी पर्यायी सोय या तीन गोष्टी ग्रामीण भागात चैनीच्या नव्हेत. भाजणीच्या मध्यात वीज गेली आणि ड्रम थांबला, तर तापलेल्या पत्र्यावर पडलेले दाणे जळतात, प्रसंगी पेटतात. जनरेटर नसेल तर हाताने ड्रम फिरवण्याचा दांडा तरी असावा आणि तो कोठे ठेवला आहे हे सर्वांना माहीत असावे.

चांगली भाजणी कच्च्या दाण्यापासून

येथे कीटकशास्त्रज्ञाला बोलण्याचा अधिकार अधिक आहे. कॉफीवरील फळ पोखरणारा भुंगेरा, म्हणजे हायपोथेनेमस हॅम्पेई, भारतात प्रथम १९९० साली निलगिरी जिल्ह्यातील गुडलूर भागात आढळला. मादी फळाच्या टोकाशी छिद्र पाडून दाण्यात शिरते आणि तेथेच अंडी घालते. पोखरलेला दाणा हलका आणि पोकळ असतो. भाजणीत तो इतरांच्या आधी तापतो, छिद्राच्या कडा आधी करपतात आणि सारख्या रंगाच्या खेपेत काळे ठिपके उठून दिसतात. भाजल्याने कीड मरते हे खरे. पण किडीने केलेले नुकसान भरून येत नाही. पोखरलेल्या व ओलसर दाण्यांवर वाढणाऱ्या काही बुरशी ऑक्राटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. भाजणीत त्याचे प्रमाण घटते, परंतु ते पूर्ण नाहीसे होईलच असे नाही. “भाजल्यावर सगळे जळून जाते” हे वाक्य मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. ते चुकीचे आहे आणि ग्राहकाच्या आरोग्याशी खेळणारे आहे.

म्हणून भाजणी खोलीच्या दारातच तीन तपासण्या व्हाव्यात. पहिली ओलाव्याची. दाणे १० ते ११ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेले असावेत. नीट वाळलेल्या दाण्यात भुंगेऱ्याची वाढ खुंटते आणि बुरशीही धरत नाही. दुसरी नमुन्याची. प्रत्येक पोत्यातून थोडे दाणे काढून, ३०० ग्रॅमच्या नमुन्यातील पोखरलेले, काळे, तुटके दाणे वेगळे करून वजन लिहावे. तिसरी खडे आणि लोखंडाच्या तुकड्यांची. भाजणी यंत्र खडा सहन करते. पुढचे दळणयंत्र करत नाही.

प्रत्यक्ष भाजणीचे शास्त्र येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ड्रम साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून दाणे घालावेत. १९५ ते २०० च्या आसपास पहिला तडतडाट होतो आणि २२० च्या पुढे दुसरा. एकंदर १० ते १५ मिनिटे लागतात आणि त्यानंतर चार-पाच मिनिटांत दाणे गार झाले पाहिजेत, नाहीतर ते स्वतःच्याच उष्णतेने पुढे भाजत राहतात. हे आकडे यंत्रागणिक थोडे बदलतात. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा आपल्या यंत्राची नोंद ठेवणे महत्त्वाचे. दर मिनिटाचे तापमान, गॅसचा दाब, तडतडाटाची वेळ, कच्चे व भाजलेले वजन. ही वही म्हणजे यंत्राची जन्मपत्रिका नव्हे, रोजचा तापाचा तक्ता आहे. कोडगुतील त्या कंपनीत ती वही असती, तर मे महिन्यानंतर भाजणीचा नूर बदलला हे कागदावर दिसले असते.

देखभाल म्हणजे सर्वेक्षण

एकात्मिक कीड व्यवस्थापनात आपण शेतकऱ्याला काय शिकवतो? शेताची नियमित पाहणी करा, मोजा, लिहा, नुकसानीची मर्यादा गाठण्याआधी उपाय करा आणि सर्वांत आधी स्वच्छता ठेवा. यंत्राच्या देखभालीला याहून वेगळे तत्त्व लागत नाही. विस्तार कार्यकर्त्यांना ही शिस्त आधीच अवगत आहे. ती फक्त शेताच्या बांधावरून शेडमध्ये आणावयाची आहे.

रोजच्या पाहणीत कोंडा गोळा करणारे भांडे रिकामे करणे, थंड करण्याच्या परातीची छिद्रे मोकळी करणे आणि ज्योतीचा रंग पाहणे एवढे पुरे. निळी ज्योत ठीक; पिवळी झाली तर हवेची वाट कोठेतरी अडली आहे. बाहेर काढलेल्या कोंड्यात निखारा धुमसत असू शकतो, म्हणून तो झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीबाहेर, रात्रभर ठेवावा आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावा. पोत्यांत भरून खोलीत साठवलेल्या कोंड्याला पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते आणि बुरशीवर जगणारे सूक्ष्म कीटकही येतात. दिवसाचे काम संपल्यावर बर्नर बंद केला तरी ड्रम पुरेसा निवेपर्यंत फिरता ठेवावा. तापलेला ड्रम थांबवला तर तो स्वतःच्या भाराने वाकतो.

आठवड्याच्या पाहणीत पंख्याची पाती खरवडणे, तापमानाच्या कांडीवरील तेलकट थर पुसणे आणि पट्ट्याचा ताण पाहणे येते. महिन्याच्या किंवा ठरावीक खेपांनंतरच्या पाहणीत धुराडे उघडून ब्रश फिरवणे आणि बेअरिंगला वंगण देणे येते. हे वंगण उच्च तापमानाला टिकणारेच हवे. ट्रॅक्टरचे साधे ग्रीस उष्णतेने वितळून वाहून जाते आणि बेअरिंग कोरडे पडते.

कॉफीच्या मुलखात यंत्राला पावसाळ्यात दीर्घ विश्रांती मिळते, तिचीही पूर्वतयारी हवी. यंत्र आतून स्वच्छ करावे. गॅस व हवेच्या नळ्यांची तोंडे बारीक जाळीने झाकावीत आणि पुन्हा पेटवण्यापूर्वी ती आठवणीने काढावीत. नियंत्रण पेटीची तारा जाण्याची छिद्रे बुजवावीत. मुंग्या स्विचच्या संपर्कबिंदूंत शिरून चिरडतात आणि संपर्क तुटतो, पाली दोन तारांना एकदम स्पर्श करून स्वतः मरतात व यंत्रही बंद पाडतात, उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. पंधरा दिवसांतून एकदा यंत्र रिकामेच अर्धा तास चालवून ऊब द्यावी.

चालवणाऱ्या माणसाच्या आरोग्याची पाहणीही यातच मोडते. कच्च्या कॉफीच्या धुळीने काहींना दम्यासारखा त्रास होतो. ताजी भाजलेली, विशेषतः दळलेली कॉफी कार्बन मोनॉक्साइड वायू सोडते. त्याला वास नसतो. तिच्या साठवणीच्या बंद खोलीत डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे थकव्याची समजू नयेत. आग लागलीच तर काय करावयाचे याची तालीम वर्षातून दोनदा व्हावी. गॅस बंद करावा, ड्रमचे दार उघडू नये आणि यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला क्रम पाळावा. घाबरून दार उघडणाऱ्याच्या तोंडावर ज्वाळा येते, हे आधी ऐकलेले असले तरच त्या क्षणी आठवते.

दोन आक्षेप

यावर एक आक्षेप असा की, हे काम अभियंत्यांचे आहे. कृषी पदवीधराने त्यात का पडावे? मला विचाराल तर शेतकरी आपली अडचण विभागवार वाटून आणत नाही. त्याने मला भुंग्यासाठी बोलावले आणि अडचण पंख्यात निघाली. विस्तार कार्यकर्त्याने यंत्र दुरुस्त करावे अशी अपेक्षा नाही. त्याने ते पाहावे, प्रश्न विचारावेत आणि योग्य माणसाला बोलवावे, एवढीच आहे. पिकावरील रोग ओळखून प्रयोगशाळेकडे नमुना पाठवणे हे जसे त्याचे काम, तसेच हेही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुरवठादाराशी वार्षिक देखभाल करार असताना ही यातायात कशाला? करार जरूर असावा. पण करारातील तंत्रज्ञ वर्षातून एक-दोनदा येतो, तोही बहुधा मोठ्या शहरातून. कुंभारीण माशी त्याची वाट पाहत नाही. मधल्या साडेतीनशे दिवसांची जबाबदारी गावातच असावी लागते. शिवाय गावात कौशल्य असतेही. त्या दिवशी पंख्याचा दोष ओळखला तो भातगिरणीतल्या वायरमनने. त्याला तोवर कोणी विचारलेच नव्हते.

काय करता येईल

माझ्या सूचना मोजक्या आहेत. पहिली, यंत्राची क्षमता मागील वर्षीच्या किंवा हमी असलेल्या विक्रीवरून ठरवावी आणि प्रस्तावात ते गणित मागावे. दुसरी, अनुदानाचा शेवटचा हप्ता खरेदीच्या पावतीवर न देता उभारणीच्या चारही भागांची तपासणी आणि सलग काही खेपांची नोंद पाहून द्यावा. तिसरी, देखभालीचा पहिल्या तीन वर्षांचा खर्च प्रकल्प अहवालातच धरावा. आज तो कोठेच नसतो, म्हणून संचालक मंडळाला तो दरवर्षी अनपेक्षित वाटतो. चौथी, प्रत्येक यंत्रामागे किमान दोन प्रशिक्षित माणसे असावीत. एकट्या कुशल तरुणाने शहरात नोकरी धरली की यंत्र अनाथ होते, हे आपण अनेकदा पाहिले आहे. पाचवी, जवळपासच्या पाच-सात कंपन्यांनी मिळून स्थानिक वायरमन आणि फिटर यांना प्रशिक्षण द्यावे आणि वर्षाचे मानधन ठरवावे. आणि सहावी, आपल्या प्रशिक्षण वर्गांत लागवड, छाटणी आणि कीड नियंत्रणाच्या जोडीला यंत्राच्या पाहणीचा एक दिवस ठेवावा. शक्यतो वर्गात नव्हे, उघडलेल्या यंत्रासमोर.

कॉफीचे उदाहरण मी घेतले, कारण ते मी जवळून पाहिले. परंतु सांगलीच्या हळद प्रक्रियेला, कोकणातील काजू प्रक्रियेला किंवा कोणत्याही भाजणी-वाळवणी केंद्राला यातील बहुतेक मुद्दे लागू पडतील. आपल्या भागात अनुदानातून आलेले आणि झाकून ठेवलेले एखादे यंत्र असेल, तर पुढच्या भेटीत त्यावरची ताडपत्री काढायला सांगा.

त्या कंपनीने पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचली आहेत. धुराड्याची दोन वळणे कमी झाली आहेत, तिसऱ्याला झाकण बसले आहे. परत गेलेल्या दोन खरेदीदारांपैकी एकाने पुन्हा नमुना मागवला आहे; दुसरा अजून आलेला नाही. व्यवस्थापकांनी मध्यंतरी दूरध्वनीवर सांगितले की, भाजणीची वही आता नियमित लिहिली जाते आणि पहिल्या पानावर त्या तरुणाने पायलटच्या नळीचे चित्र काढून ठेवले आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती झाकावयाची आहे.